एका फ्लॉपीत मावलं असतं

ऑक्टोबर लागला की आमच्या सेक्टरात सप्तपर्णी फुलते. संध्याकाळी खिडकी उघडली की तो वास घरात शिरतो आणि तासाभरात माझं डोकं दुखायला लागतं. लोक त्याला सुगंध म्हणतात. म्हणोत. मी खिडकी लावून घेते आणि कपाटं आवरायला काढते, कारण दिवाळीची साफसफाई निघालेली असते आणि डोकं दुखतंय म्हणून ती थांबत नाही.

आम्ही सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादला आलो, तेव्हा ही झाडं माझ्या गुडघ्याएवढी होती. प्रत्येकाभोवती विटांचं गोल कडं, कड्याला चुना. त्यांना वास नव्हता, सावलीही नव्हती. सेक्टर अर्धाच बांधून झाला होता. शेवटच्या इमारतीमागे रस्ता संपायचा आणि शेतं सुरू व्हायची. पण बाजारात मात्र दर आठवड्याला काहीतरी नवं यायचं. दिवाळीच्या आधी महिनाभर वर्तमानपत्र उघडलं की पानभर एकच शब्द : एक्सचेंज. जुना टीव्ही द्या, नवा न्या. जुना कुकर द्या, जुना फ्रिज द्या, चालत नसला तरी द्या. घरात जुनं काही ठेवायचं नाही, अशी त्या वर्षांची रीतच पडली होती, आणि मी ती मनापासून पाळत होते. मला जुन्या वस्तूंचं प्रेम नाही. आजही नाही. पुढे जे सांगणार आहे, त्यामुळेही ते उत्पन्न झालेलं नाही.

क्वार्टर सोडावं लागलं, कारण माझे सासरे निवृत्त झाले. त्यांना सगळे नाना म्हणत. शेजारच्या पंजाबी बाईंना हे कधीच पटलं नाही. "आपके यहाँ दादा को नाना बोलते हैं? बच्ची कन्फ्यूज़ नहीं होती?" बच्ची म्हणजे माझी मुलगी सई, तेव्हा सहा वर्षांची. ती मुळीच कन्फ्यूज नव्हती. तिचे एकच आजोबा होते आणि ते दिवसभर तिच्या ताब्यात होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

नानांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन केलं. आधी इंग्रजी, मग हिंदी. मशीन अडलं तर मेकॅनिकची वाट पाहत नसत. खिशात एक छोटा पेचकस असायचा. घरातली इस्त्री, शिलाई मशीन, क्वार्टरच्या गच्चीवरचा कूलर, सगळं तेच उघडत आणि तेच लावत. बोटं जाड होती, पण टाइपरायटरच्या कळांवर पडली की हलकी व्हायची.

दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ते सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवत. दहा-बारा मुलं, सगळी घरी मराठी आणि जिन्यात हिंदी बोलणारी. एकदा वाचताना सईच थांबली. "नाना, उंबरठा मतलब?" नानांनी दाराकडे बोट दाखवलं आणि मग ते खाली घेतलं. हॉलच्या दाराला उंबरठा नव्हता. आमच्या फ्लॅटलाही नव्हता. त्या सेक्टरातल्या एकाही दाराला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी शब्द गोळा करायला घेतले.

आमच्याकडे एक कॉम्प्युटर होता. सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कंपनीने नवे घेतले आणि जुने कर्मचाऱ्यांना वाटून टाकले, त्यातला एक. थ्री-एट-सिक्स. तेव्हाच म्हातारा झालेला. चालू केला की पिठाच्या चक्कीसारखा आवाज करायचा. त्यात मराठी अक्षरं उमटवणारा एक प्रोग्राम मी बसवून दिला, आणि त्याची कळफलकाची मांडणी हिंदी टाइपरायटरसारखीच निघाली. नाना खुर्ची ओढून बसले आणि पहिल्याच दिवशी न बघता टाइप करायला लागले. कॉम्प्युटरचा डिप्लोमा माझ्याकडे होता, ओखल्याच्या ऑफिसात मी दिवसभर त्याच यंत्रापुढे बसायचे. पण त्या वेगाने मी आजही टाइप करत नाही.

यादीच्या फाइलीचं नाव 'शब्द'. तिला तीन रकाने होते. शब्द, अर्थ, आणि तिसरा : कोणाच्या तोंडून ऐकला.

फडताळ. वळचण. चुंबळ. उतरंड. खरवड. तिन्हीसांजा. शिंकाळं. अर्थ कुठल्याही कोशात सापडला असता. तिसरा रकाना सापडला नसता. तिथे नाशिकच्या कुणा आत्याचं नाव असे, कचेरीतल्या शिपायाचं असे, करोल बागेत दागिने घडवणाऱ्या एका सांगलीकडच्या कारागिराचं असे. आणि बऱ्याच शब्दांपुढे एकच अक्षर होतं. ही. नाना सासूबाईंचं नाव घेत नसत, तर टाइप कुठून करतील? पडद्यावर वरून खाली बघत गेलं की ही, ही, ही, असं दिसायचं.

एकदा जेवताना मी बोलून गेले, "भाकरीबरोबर कोरड्यास काय करू?" माझं माहेर कराडकडचं. लग्न होऊन आले तेव्हा दोन-तीन वेळा हसं झाल्यावर असले शब्द मी बंद केले होते. नानांनी घास ताटात ठेवला.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"काही नाही. भाजी काय करू, असं."

"नाही नाही. कोरड्यास. म्हणजे कोरड्या भाकरीशी खायचं ते?"

"आमच्याकडे म्हणतात असं. गावठी आहे."

"गावठी काय त्यात? जेव तू, मी आलो." आणि हात धुऊन ते मशीनकडे गेले. अर्धं जेवण टाकून.

नव्या हार्ड डिस्कचा घाट मी घातला. जुनी चाळीस एमबीची होती आणि ती भरली होती. नानांच्या शब्दांनी नव्हे, माझ्या सामानाने. ऑफिसातलं काहीबाही मी घरी आणायचे, सुधीरचे खेळ होते. खरी गोष्ट अशी की ऑफिसातल्या एकीने घरी मोठी डिस्क बसवली होती आणि ती रोज सांगायची. मला तिच्याहून मोठी हवी होती. नेहरू प्लेसच्या दुकानदाराने माझ्या मशीनचं नाव ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"मैडम, सवा जीबी? आपकी मशीन को तो पाँच सौ से ऊपर गिनती ही नहीं आती. आधी से ज़्यादा दिखेगी ही नहीं."

"तो कोई रास्ता होगा."

"है. एक फ्लॉपी साथ में आती है. डिस्क के मुँह पर छोटा-सा प्रोग्राम बिठा देती है, वो मशीन को गिनती सिखाता है. बस हमेशा उसी डिस्क से स्टार्ट करना. फ्लॉपी से स्टार्ट करके अंदर हाथ मत डालना." मग त्याने काउंटरवर टकटक केलं. "पुरानी दे दो, एक्सचेंज लगा दूँगा."

घरी आल्यावर आणखी एक अडचण निघाली. डिस्क पोटाने अवाढव्य, पण अंगाने जुनीच्या निम्मी होती. जुनी विटेसारखी होती, पेटीतला खण तिच्याच मापाचा. नवी त्यात खुळखुळायला लागली. योग्य पट्ट्या मिळायला आठवडा लागला असता. मी परकराची नाडी काढली आणि डिस्क खणात चारी बाजूंनी आवळून बांधली. नाना बाजूला पेचकस घेऊन उभे होते, त्यांच्याकडे मी तो मागितलाही नाही. ते वाकून बघत म्हणाले, "मंजिरी, तू माझ्याहून बरी निघालीस." मी खूश झाले. नाडी बांधली म्हणून नव्हे. जागा किती झाली, ते पडद्यावर दिसत होतं म्हणून.

"एवढी जागा!" नाना म्हणाले. "एवढे शब्द कुठून आणायचे मी?"

मग त्यांनी विचारलं, "याची एक प्रत काढून ठेवायची का गं? कचेरीत आम्ही कार्बन घालायचो."

"नाना, कार्बनचे दिवस गेले," मी म्हणाले.

ती सगळी यादी एका फ्लॉपीत मावली असती. निम्मी फ्लॉपी रिकामी राहिली असती. कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा टेबलावरच होता. सगळं नव्या डिस्कवर उतरवून झालं होतं, म्हणून दुसऱ्या शनिवारी मी जुनी डिस्क पुसून, स्वच्छ करून, एक्सचेंजमध्ये देऊन आले.

तीन आठवडे सगळं नीट चाललं. मग दिवाळीच्या आधीचा रविवार आला. माझ्या हातात सकाळपासून झाडू होता. भिंतींची जळमटं काढली, पंखे पुसले, आणि नाना वर्गाला गेल्यावर कॉम्प्युटरकडे वळले. तोही साफ करून टाकू. तेव्हा फ्लॉप्यांमधून व्हायरस यायचे आणि ऑफिसातला नियम होता की तपासणी करायची तर मशीन स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं. मी ऑफिसची फ्लॉपी घातली, नियमाप्रमाणे. दुकानदाराचं वाक्य मला आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आठवलं होतं. ते दुकानदाराचं बोलणं, हा ऑफिसचा नियम, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

तपासणीने सांगितलं, डिस्कच्या तोंडाशी अनोळखी प्रोग्राम आहे, काढू? मी हो म्हटलं. मग तिने सांगितलं, डिस्कवर असंख्य चुका आहेत, दुरुस्त करू? पडद्यावर फाइलींच्या नावांऐवजी कसलीतरी चित्रविचित्र अक्षरं होती. शहाण्या माणसाने तिथे हात आवरला असता. पण मी पटकन हो म्हणणारी बाई आहे. भाजीवाल्याला, बँकेला, लग्नाला, सगळ्यांना एका दमात उत्तर देते. विचार करत उभं राहणारी माणसं मला सोसत नाहीत. मी हो दाबलं आणि दुरुस्ती चालू असताना स्वयंपाकघरात जाऊन शंकरपाळ्यांचं पीठ भिजवून आले.

परत आले तेव्हा डिस्क चकचकीत होती. तिच्यात काहीही नव्हतं.

बारा वाजता नाना आले. हातात झेंडूची पिशवी होती आणि वर्गात मिळालेला एक नवा शब्द. तो आधी टाइप करून घेतो म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, चक्कीचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

"मंजिरी, माझं 'शब्द' दिसत नाही गं."

मी लाटणं खाली ठेवलं नाही. मागे वळूनही बघितलं नाही. आणि मी विचारलं,

"काल बंद करताना तुम्ही सरळ भिंतीवरचा स्विच बंद केलात का?"

एवढंच. मी काही खोटं बोलले नाही, नुसता एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नात काय काय होतं, ते तो विचारताना मला नेमकं माहीत होतं. फरीदाबादला लाइट वाटेल तेव्हा जायची, ती गेली की नाना स्विच बंद करून ठेवत, आणि त्यावरून सुधीर त्यांना दोन-चारदा बोलला होता. म्हणून तो प्रश्न बरोबर जागी बसला.

नाना विचार करत होते.

"केला असेन," ते म्हणाले. "केलाच असेन."

सोमवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून मी नेहरू प्लेसला गेले. जुनी डिस्क परत मिळेल का, पुसलेली असली तरी तिच्यातून काही काढता येईल का, म्हणून. दुकानदार दिवाळीच्या माळा लावत होता.

"वो? वो तो उसी दिन निकल गई, मैडम. एक्सचेंज का माल रुकता थोड़े ही है." मग त्याने नव्या डिस्कचं विचारलं आणि मी सांगितलं. तो स्टुलावरून खाली उतरला. "फ्लॉपी से स्टार्ट किया? और यस कर दिया? कितनी बार?"

"दोन... दो बार."

"पहली यस तक बच जाती," तो म्हणाला. रागावला नाही. डॉक्टर बोलतात तसं बोलला.

म्हणजे सोमवारी दुपारी मला सगळं स्पष्ट माहीत होतं. घरी जाऊन सांगता आलं असतं. घरी गेले तेव्हा नाना सईबरोबर आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवत होते, आणि मी मनात म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. सुधीर तेव्हा कामासाठी गुजरातेत होता. तो धनत्रयोदशीला आला, तेव्हा नानांनीच त्याला सांगितलं.

"नाना, किती वेळा सांगितलं! आधी प्रोग्राममधून बाहेर पडायचं, मग स्विच. तिनं एवढा खटाटोप करून डिस्क बसवली आणि तुम्ही..."

"हो रे," नाना म्हणाले. "चुकलं."

सई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी फराळाचे डबे भरत होते. चकल्या मोडत होत्या, म्हणून फार जपून भरावं लागत होतं.

पाडव्याला मंडळाचा फराळ होता, त्याच हॉलमध्ये. कुणीतरी विचारलं, नाना, तुमच्या शब्दांचं पुस्तक कुठवर आलं? नाना खुर्चीतून उठले. सभेत बोलायचं तर उभं राहून, ही त्यांची सवय. म्हणाले, "पुस्तक गेलं. माझ्याच हातानं घालवलं. सुनेनं इतकं चांगलं मशीन तयार करून दिलं होतं, मला म्हाताऱ्याला ते नीट बंद करता आलं नाही."

"अहो नाना, आता या वयात कशाला त्या डबड्याच्या नादी लागता?" एक काकू म्हणाल्या. "पंखा बंद केलात तरी पुष्कळ."

हॉल हसला. नानाही हसले. मी ताट घेऊन उभी होते आणि माझ्या चेहऱ्यावरही हसू होतं, हे मला नक्की आठवतं, कारण गाल दुखत होते.

लोकांना वाटतं, लाज ही एका क्षणाची गोष्ट असते. कान तापतात, मान खाली जाते, संपलं. माझा अनुभव तसा नाही. शब्द गेले, त्याचं दुःख मला तेव्हा फारसं झालंच नव्हतं. शब्दच ते, असं मी म्हणाले असते. मला जे बघावं लागलं ते पुढची अकरा वर्षं. नानांनी कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. ते अपेक्षित होतं. पण त्यांनी बाकीच्या वस्तूंनाही हात लावणं सोडलं. "मंजिरी, हा मिक्सर मी लावू का, का तू लावतेस?" "टीव्ही तूच बंद कर बाई, माझ्याकडून काही व्हायचं." खिशातला पेचकस शिलाई मशीनच्या खणात गेला. नळ गळायला लागला की ते प्लंबरला फोन करायला सांगत आणि तो येईपर्यंत खाली बादली ठेवून बसून राहत. वर्ग चालू होता, पण मुलांनी शब्द विचारला तर म्हणत, "घरी आईला विचार, माझा काही भरवसा नाही." सगळे म्हणाले, नाना थकले. वय झालं. मीही मान हलवायचे.

एकदाच त्यांनी विषय काढला. चार-पाच वर्षं झाली असतील. मी घरी दुसरा, नवा कॉम्प्युटर जोडत होते, ते नेहमीसारखे बाजूला उभे होते, रिकाम्या हातांनी.

"मंजिरी, स्विच बंद केला की सगळंच जातं का गं? का थोडं कुठे राहतं?"

नुसता स्विच बंद केल्याने अशी संपूर्ण डिस्क कधीच जात नाही. चालू असलेल्या चार ओळी जातात. कुठल्याही माहितगाराने त्यांना हे सांगितलं असतं. पण नाना दुसऱ्या कुणाला विचारणार नव्हते. घरात माहितगार मी होते.

"सगळंच जातं, नाना," मी म्हणाले.

शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं. लोक म्हणतात, सुनेनं मुलीसारखं केलं. केलं, खरं आहे. त्यांचे डायपर बदलताना मला संकोच वाटला नाही. एवढं एक वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही, आणि ते निघालं नाही म्हणून बाकीचं सगळं मी इतक्या नेटाने केलं की काय, हे मी तपासायला जात नाही.

या वर्षी साफसफाईत लोखंडी कपाटाच्या तळाशी अंथरलेले कागद काढले. त्यात जुन्या प्रिंटरचा एक लांब कागद निघाला, कडेला भोकांची पट्टी असलेला. वर्गासाठी नानांनी कधीतरी नमुन्याचं एक पान छापलं असणार. वरच्या बाजूला माझ्या अक्षरात दिवाळीच्या वाणसामानाची यादी : मैदा, साजूक तूप, भाजणी, पणत्या दोन डझन. उलटा केला. फिकट झालेल्या एकवीस ओळी, तीन रकाने. ही, ही, एक आत्या, परत ही. आणि तळाशी : कोरड्यास. कोरड्या भाकरीशी खाण्याचे कालवण किंवा भाजी. चि. सौ. मंजिरी.

मी खाली फरशीवरच बसले. रडले वगैरे नाही. खिडकी उघडीच राहिली होती, डोकं दुखायला लागेपर्यंत बसून होते.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जुन्या दिवाळीची एखादी आठवण लिहा, असा निरोप त्याच आठवड्यात आला. मी लगेच हो म्हटलं, सवयीने. त्या पाडव्याला हॉलमध्ये जे हसले, त्यांतले सात-आठ जण अजून आहेत. अंक त्यांच्या घरी जातो. सुधीर तो वाचतो. सई आता गुरुग्रामला असते, तिलाही मी पाठवणार आहे. म्हणून लिहिते.

नानांनी त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मशीन बरोबर बंद केलं होतं. आधी प्रोग्राममधून बाहेर पडले. पडद्यावर नुसती लुकलुकणारी खूण उरेपर्यंत, गुडघ्यांवर हात ठेवून थांबले. मग उठून भिंतीवरचा स्विच बंद केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी पाहिलं होतं.